फुगीर अणुकेंद्रांच्या मागावर

जुलै लागला की तोरणा आणि राजगड दिवसचे दिवस ढगांत बुडून जातात. वेल्ह्यातल्या ओढ्यांचे पाणी कानंदी-गुंजवणीत येते, गुंजवणी पुढे नीरेला मिळते, भोरकडे वेळवंडीचे पाणी भाटघरच्या धरणात चढू लागते आणि आंबेमोहोराची खाचरे लावणीला तयार होतात. या पावसाबरोबर आकाशातून आणखी एक पदार्थ खाली उतरत असतो. तो दिसत नाही, चवीला लागत नाही आणि इतका थोडा असतो की त्यापासून धोका मुळीच नाही. त्याचे नाव बेरिलियम-७.

लिटरभर पावसाच्या पाण्यात या किरणोत्सारी पदार्थाचे लाखो अणू सापडतात. अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणातल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या अणुकेंद्रांवर आदळतात, ती फुटतात आणि त्यांच्या तुकड्यांत चार प्रोटॉन व तीन न्यूट्रॉन असलेले बेरिलियम-७ तयार होते. त्याचे अर्धायुष्य ५३ दिवसांचे, म्हणजे तेवढ्या काळात निम्मे अणू संपून त्यांचे लिथियम होते. जमिनीवर आल्यावर ते मातीच्या वरच्या एक-दोन सेंटिमीटर थरालाच चिकटून राहते. म्हणून उतारावरची माती पावसाळ्यात किती वाहून गेली हे मोजण्यासाठी जगभरचे मृदाशास्त्रज्ञ त्याचा उपयोग करतात.

पावसातल्या या बेरिलियमचा अभ्यास मुंबईत फार लवकर सुरू झाला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, बर्नार्ड पीटर्स हे विश्वकिरणांचे अभ्यासक १९५०च्या दशकात काम करत होते. विश्वकिरणांमुळे हवेत बेरिलियमची किरणोत्सारी रूपे तयार होत असणार आणि ती पावसावाटे जमिनीवर येत असणार, हे त्यांनी १९५५मध्ये मांडले. त्यांचे तरुण सहकारी देवेंद्र लाल आणि इतरांनी पावसाचे पाणी गोळा करून त्यातून बेरिलियम वेगळे काढले. बेरिलियम-१० या दुसऱ्या रूपाचे अर्धायुष्य तब्बल चौदा लाख वर्षांच्या आसपास आहे. समुद्रतळाचा गाळ आणि उघडे पडलेले खडक यांचे वय काढायला ते आज नेहमी वापरले जाते.

बेरिलियमचे कायमचे टिकाऊ रूप एकच, बेरिलियम-९. बाकी सगळी रूपे कधी ना कधी मोडणारी. सर्व मूलद्रव्ये मिळून जगात टिकाऊ अणुकेंद्रे अडीचशेच्या आसपास आहेत, तर आजवर ओळखल्या गेलेल्या अणुकेंद्रांची संख्या तीन हजारांच्या वर आहे. टिकाऊ अणुकेंद्रांपासून जितके लांब जावे तितके आयुष्य आखूड होत जाते. बेरिलियम-१२चे अर्धायुष्य सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास आहे. लिथियम-११ तर त्याच्याही निम्म्याहून कमी वेळात, सुमारे नऊ मिलिसेकंदांत, अर्धे होते. हेलियम-८ला ११९ मिलिसेकंद लागतात. पावसाबरोबर वेल्ह्यापर्यंत पोचण्याइतका वेळ यांच्यापाशी नाही. ती प्रयोगशाळेत बनवावी लागतात आणि बनवल्याबरोबर वापरावी लागतात.

या अल्पायुषी, हलक्या अणुकेंद्रांमध्ये पदार्थविज्ञानाला एवढा रस का, याचे उत्तर १९८५च्या एका प्रयोगात आहे. जपानचे इसाओ तानिहाता आणि त्यांचे सहकारी अमेरिकेत बर्कलीच्या बेव्हालॅक या त्वरकावर लिथियमच्या वेगवेगळ्या अणुकेंद्रांचा आकार मोजत होते. पद्धत सरळ होती. लिथियमची अणुकेंद्रे प्रचंड वेगाने बेरिलियम, कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर सोडायची. पट्टीच्या आधी किती आली आणि पलीकडे किती धडधाकट निघाली, एवढेच मोजायचे. जितकी जास्त गळाली, तितके अणुकेंद्र मोठे. लिथियम-६ची त्रिज्या २.०९ फेम्टोमीटर भरली, लिथियम-७ची २.२३, लिथियम-८ची २.३६ आणि लिथियम-९ची २.४१. एक फेम्टोमीटर म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग. इथपर्यंत सगळे पाठ्यपुस्तकाप्रमाणे चालले होते. मग लिथियम-११ मोजले आणि त्रिज्या निघाली ३.१४.

दोनच न्यूट्रॉन वाढले आणि त्रिज्या सुमारे तीस टक्क्यांनी फुगली. अणुकेंद्रातला पदार्थ सगळीकडे जवळपास सारख्याच घनतेने भरलेला असतो, हा तोवरचा भरवशाचा नियम. त्या नियमात हा आकडा बसत नव्हता.

दोन वर्षांनी, १९८७मध्ये, पी. जी. हॅन्सन आणि ब्यॉर्न यॉन्सन यांनी याची उकल सुचवली. लिथियम-११च्या आत लिथियम-९चा घट्ट गाभा आहे आणि उरलेले दोन न्यूट्रॉन त्याच्याभोवती दूरवर विरळ पसरले आहेत. या पसाऱ्याला ‘हेलो’ म्हणतात. नेहमीच्या अणुकेंद्रातून एक न्यूट्रॉन बाहेर काढायला सहा-आठ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. लिथियम-११मधले दोन्ही न्यूट्रॉन मिळून ०.३७ दशलक्षांत सुटतात. इतक्या सैल बांधणीमुळे ते गाभ्यापासून फार लांबपर्यंत सापडतात. अकरा कणांच्या या अणुकेंद्राचा पसारा २०८ कणांच्या शिशाच्या अणुकेंद्राशी बरोबरी करतो.

आणखी एक चमत्कारिक गोष्ट अशी की लिथियम-९ला एकच न्यूट्रॉन जोडून लिथियम-१० बनवू म्हटले तर ते टिकत नाही. दोन न्यूट्रॉन एकमेकांना धरूनही राहत नाहीत. तिघे एकत्र आले की मात्र टिकतात. तीन पेडांच्या वेणीतला एक पेड काढला की उरलेले दोन सुटे होतात, तसे हे तिघांचे बंधन आहे. हेलियम-६ याच जातीचे, हेलियम-४च्या गाभ्याभोवती दोन न्यूट्रॉन. हेलियम-८मध्ये त्याच गाभ्याभोवती चार न्यूट्रॉन आहेत. दोन प्रोटॉनांमागे सहा न्यूट्रॉन, हे एकास तीन प्रमाण बांधून राहिलेल्या ज्ञात अणुकेंद्रांत सर्वाधिक आहे.

असे अणुकेंद्र हातात कसे यायचे? त्याचे टार्गेट बनवता येत नाही, कारण टार्गेट यंत्रात बसवेपर्यंत ते संपलेले असते. म्हणून नेहमीचा क्रम उलटा करावा लागला. टिकाऊ धातूचा पत्रा जागेवर ठेवायचा आणि अल्पायुषी अणुकेंद्रांचाच झोत त्याच्यावर सोडायचा. याची पहिली चुणूक १९५१मध्ये कोपनहेगनला दिसली. तिथे ओ. कोफोड-हॅन्सन आणि के. ओ. नील्सन यांनी युरेनियमच्या विखंडनातून निघालेला किरणोत्सारी क्रिप्टॉन वायू थेट, अणू वजनानुसार वेगळे करणाऱ्या विलगकाकडे नेला. आज दोन मार्ग रूढ आहेत. पहिल्यात वेगवान जड अणुकेंद्राचा पातळ टार्गेटवर चुरा करतात आणि पुढे उडालेल्या तुकड्यांतून हवा तो तुकडा चुंबकांनी वेचून घेतात. तानिहातांचा मार्ग हाच. दुसऱ्या मार्गात जाड टार्गेट तापवतात, त्यात तयार झालेले अणू बाहेर झिरपतात, त्यांचे आयन करतात आणि दुसऱ्या त्वरकातून पुन्हा वेग देतात. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या कां शहरातील गॅनिल प्रयोगशाळेचे ‘स्पायरल’ यंत्र दुसऱ्या मार्गाने चालते. कार्बन-१३चा झोत तापलेल्या ग्रॅफाइटवर आदळतो, त्यातून हेलियम-८ बाहेर पडते आणि सायक्लोट्रॉनमध्ये वेग घेऊन प्रयोगाच्या खोलीत पोचते. हे सगळे ११९ मिलिसेकंदांच्या हिशेबात.

मुंबईचा या कथेतला वाटा इथून सुरू होतो, आणि तो सुरू होतो असा झोत मुंबईत नसताना.

कुलाब्याला टीआयएफआरच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा पेलेट्रॉन त्वरक १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून चालू आहे. यंत्र उभे आहे. मधल्या टर्मिनलवर १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत विद्युतदाब चढवता येतो. वरून सोडलेले ऋणभारित आयन त्या टर्मिनलकडे ओढले जातात. तिथे पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन गळून ते धनभारित होतात आणि त्याच दाबाने पुन्हा खाली ढकलले जातात. एका दाबाचा दोनदा फायदा. पुढे अतिवाहक पोकळ्यांचा लिनॅक, म्हणजे सरळ रेषेतला त्वरक, जोडून २००७मध्ये ही सोय पूर्ण झाली. तांब्यावर शिशाचा मुलामा दिलेल्या या पोकळ्या द्रव हेलियमने थंड ठेवतात आणि त्या देशातच घडवल्या आहेत.

पेलेट्रॉनमधून निघणारे झोत टिकाऊ अणुकेंद्रांचे. तरीही त्यांतली काही अणुकेंद्रे सैल बांधणीची असतात. लिथियम-६ हे जणू हेलियम-४ आणि ड्यूटेरॉन (एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन) यांची जोडी आहे आणि जेमतेम दीड दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये ती फुटते. लिथियम-७ला अडीच लागतात. सैल बांधलेले अणुकेंद्र दुसऱ्यावर आदळले की ते आधी फुटते, की त्यात मिसळून जाते, की आपला एखादा कण देऊन निसटते? हेलो अणुकेंद्रांबद्दलचे प्रश्न हेच होते. मुंबईच्या गटाने ते लिथियमवर वर्षानुवर्षे तपासले आणि त्यासाठी लागणारी मोजणी पक्की केली.

ही मोजणी जवळून पाहण्यासारखी आहे. दोन अणुकेंद्रे धनभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलतात. मिसळायचे तर विद्युत प्रतिकर्षणाचा अडसर ओलांडावा लागतो. पुंजभौतिकीच्या नियमांनुसार अडसर ओलांडण्याएवढी ऊर्जा नसली, तरी क्वचित एखादे अणुकेंद्र त्याच्या आरपार जाते. यालाच टनेलिंग म्हणतात. ऊर्जा जितकी कमी, तितकी ही घटना दुर्मीळ. भाभा केंद्राच्या आराधना श्रीवास्तव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनम-१९८वर लिथियम-६चा झोत सोडला. दोघांचे मीलन झाले की थॅलियम तयार होते. ७८ प्रोटॉनांत तीन मिळवले की ८१, हा साधा हिशेब. तापलेले थॅलियम काही न्यूट्रॉन फेकून शांत होते आणि पुढे काही तासांत किंवा दिवसांत, एक इलेक्ट्रॉन गिळून, पारा बनते. पारा बनताना पाऱ्याचा ओळखीचा क्ष-किरण आणि एक गॅमा किरण असे दोन्ही जवळपास एकाच वेळी बाहेर पडतात. संशोधकांनी झोत बंद केला, पत्रा काढून शिशाच्या आडोशात दोन डिटेक्टरांच्या मध्ये ठेवला आणि दोन्हीकडे एकदमच खूण उमटली तरच ती नोंद धरली. भिंतीतून, हवेतून, विश्वकिरणांतून येणाऱ्या भटक्या खुणा अशा जोडीने क्वचितच येतात. त्यामुळे मागचा कल्लोळ गाळला गेला आणि अगदी तुरळक घटनाही मोजता आल्या.

पाऱ्याचा हा क्ष-किरण सुमारे ७० किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा असतो. वैद्यकातही तो कामाचा आहे. भोरहून पुण्याला आलेल्या हृदयरोग्याची ‘थॅलियम टेस्ट’ करतात, तेव्हा त्याच्या शिरेत थॅलियम-२०१ टोचतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे तीन दिवस. रक्तपुरवठा चांगला असलेल्या हृदयस्नायूत ते जमते आणि कॅमेरा मुख्यतः पाऱ्याचे हेच क्ष-किरण टिपून चित्र उभे करतो.

लिथियम-प्लॅटिनमच्या प्रयोगात मुंबईने अडसराच्या ६८ टक्के ऊर्जेपर्यंत खाली जाऊन मीलन मोजले. इतक्या खालच्या ऊर्जेवर मीलन अपेक्षेपेक्षाही झपाट्याने घटते, असे २००२पासून अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेने मध्यम वजनाच्या अणुकेंद्रांसाठी दाखवले होते. लिथियम-६मध्ये तशी घट दिसली नाही. हा निष्कर्ष डिसेंबर २००९मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

त्याच अंकात, त्याच्या लगेच आधी, हेलियम-८चा लेख आहे. लेखाच्या शीर्षकातच त्याला रदरफर्डच्या प्रयोगाचा आधुनिक अवतार म्हटले आहे. रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत शतकापूर्वी सोन्याच्या पापुद्र्यावर हेलियम-४ सोडून अणुकेंद्राचा शोध लागला होता. इथे गॅनिलमध्ये सोन्यावर हेलियम-८ सोडले. पहिले लेखक अँत्वान लेमासाँ. सोबत आराधना श्रीवास्तव, पूर्वी भाभा केंद्रात असलेले आणि नंतर गॅनिलमध्ये स्थिरावलेले अलहारी नवीन, टीआयएफआरच्या वंदना नानल आणि आर. जी. पिल्ले, आणि इतर. सोन्याचे ७९ प्रोटॉन आणि हेलियमचे दोन मिळून पुन्हा ८१, म्हणजे थॅलियमच. त्यामुळे कुलाब्यात लिथियमवर घोटलेली पद्धत नॉर्मंडीत जशीच्या तशी उपयोगी पडली.

तिची गरजही तिथे जास्त होती. मुंबईच्या लिथियम झोतात सेकंदाला अब्जावधी कण असतात, हेलियम-८च्या झोतात फक्त काही लाख. शिवाय हा झोत स्वतःच किरणोत्सारी. तो चालू असताना डिटेक्टर त्याच्याच किरणांनी भरून जातात. झोत बंद केला की मात्र हेलियम-८ आणि त्यापासून झालेले लिथियम-८ काही सेकंदांत नाहीसे होतात आणि मागे उरते ते सोन्यात अडकलेले थॅलियम. मग सावकाश मोजत बसता येते.

निकाल अनपेक्षित होता. अडसराखालच्या ऊर्जेवर हेलियम-६ हे हेलियम-४पेक्षा बरेच सहज आरपार जाते, हे आधी माहीत होते. हेलियम-८मध्ये आणखी दोन न्यूट्रॉन, म्हणजे ते आणखी सहज जाईल, असा साधा अंदाज होता. प्रत्यक्षात हेलियम-८चे मीलन जवळपास हेलियम-६एवढेच भरले. मिसळण्याऐवजी आपले न्यूट्रॉन सोन्याला देऊन मोकळे होण्याकडेच त्याचा कल जास्त दिसला. त्याआधी, २००८मध्ये, भाभा केंद्राचे ए. चटर्जी आणि सहकाऱ्यांनी गॅनिलमध्येच हेलियम-६ तांब्यावर सोडून पाहिले होते. तिथे एकेक न्यूट्रॉन जाण्यापेक्षा दोघे जोडीने जाण्याचे प्रमाण खूप अधिक निघाले. बाहेरचे दोन न्यूट्रॉन बराच वेळ एकमेकांजवळ राहतात, याचा तो पुरावा ठरला.

अल्पायुषी अणुकेंद्रांवरच्या इतर प्रयोगांनी शाळा-कॉलेजात शिकवल्या जाणाऱ्या एका ठाम समजुतीलाही धक्का दिला. मारिया गोपर्ट-मायर आणि हान्स येन्सन यांनी १९४९मध्ये दाखवले की प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ या संख्यांत असले की अणुकेंद्र विशेष पक्के असते. या ‘जादुई संख्यां’च्या स्पष्टीकरणाबद्दल दोघांना १९६३चे नोबेल मिळाले. बेरिलियम-१२मध्ये न्यूट्रॉन बरोबर आठ. पण नवीन आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या प्रयोगशाळेत त्याचा एकेक न्यूट्रॉन उडवून पाहिला, तेव्हा तिथला आठाचा कप्पा बंद नसल्याचे आढळले. उलट ऑक्सिजन-२४मध्ये न्यूट्रॉन सोळा. जुन्या यादीत नसलेली ही संख्या तिथे जादुई ठरते, हे २००९मध्ये भारतात शिकून कॅनडात प्राध्यापक झालेल्या ऋतुपर्णा कानूनगो यांच्या गटाने दाखवले. टिकाऊ अणुकेंद्रांवरून बसवलेले नियम टिकाऊपणाच्या काठावर बदलतात. सोन्या-युरेनियमसारखी जड मूलद्रव्ये ताऱ्यांच्या स्फोटक घडामोडींत अशाच न्यूट्रॉनबहुल, अल्पायुषी अणुकेंद्रांच्या वाटेने घडली असल्याने हे बदल नीट माहीत असावे लागतात.

भारतात किरणोत्सारी अणुकेंद्रांचे झोत अजिबात नाहीत असे नाही. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात १९९०च्या दशकाच्या अखेरीस हायड्रोजनयुक्त टार्गेटवर लिथियम-७ सोडून बेरिलियम-७चा झोत मिळवला गेला. वेल्ह्याच्या पावसात उतरणारे तेच हे बेरिलियम-७. सूर्याच्या गाभ्यातही ते असते. तिथे ते एक प्रोटॉन पकडून बोरॉन-८ बनते आणि त्यातून निघणारे न्यूट्रिनो पृथ्वीवर मोजले जातात. कोलकात्याच्या व्हीईसीसी या त्वरक केंद्राने ऑक्सिजन-१४, अर्गॉन-४१ आणि पोटॅशियमचे किरणोत्सारी झोत तयार केले. तरी हेलियम-८ किंवा लिथियम-११साठी भारतीय संशोधकांना आजही जपानचे रिकेन, कॅनडाचे ट्रायम्फ, फ्रान्सचे गॅनिल किंवा २०२२मध्ये सुरू झालेले अमेरिकेचे एफआरआयबी गाठावे लागते. जर्मनीत डार्मश्टाट येथे उभ्या राहत असलेल्या फेअर प्रकल्पात भारत २०१०पासून संस्थापक भागीदार आहे. त्याची काही उपकरणे भारतात बनत आहेत.

परदेशी यंत्रावर मिळणारे दिवस मोजके असतात आणि त्यासाठी जगभरातले गट रांगेत उभे असतात. मुंबईच्या गटाला हेलियम-८च्या प्रयोगात महत्त्वाचे काम करता आले, कारण मोजणीची तयारी घरच्या यंत्रावर आधीच झाली होती. म्हणूनच पेलेट्रॉनसारखी मध्यम आकाराची, रोज हाताळता येणारी यंत्रे चालू राहणे, त्यांची डागडुजी वेळेवर होणे आणि त्यांवर विद्यार्थ्यांना हात बसवायला मिळणे, हे मोठ्या आंतरराष्ट्रीय भागीदारीइतकेच गरजेचे आहे.

भोर-वेल्ह्यातल्या विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी एक माहिती. टीआयएफआरची प्रवेश परीक्षा दरवर्षी होते. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. झालेल्यांना एकत्रित पीएच.डी.साठी आणि एम.एस्सी. झालेल्यांना पीएच.डी.साठी अर्ज करता येतो. निवड झालेल्यांना पाठ्यवृत्ती मिळते. भाभा केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची निवड प्रक्रिया वेगळी असते. दोन्हींच्या जाहिराती संस्थांच्या संकेतस्थळांवर येतात. त्या वेळेवर पाहाव्यात.